चढत्या उन्हातील द्राक्षे : जुन्नर–आंबेगाव परिसर आणि वाइनचा आस्वाद

वाइन चाखणे ही श्रीमंतांची हौस आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु पदार्थाच्या चवीवरून त्याची भूमी, त्याचा ऋतू आणि त्यामागील मशागत यांचे अनुमान करणे हा निरीक्षणाचाच एक प्रकार आहे, आणि त्याला स्वतःची शिस्त आहे. ही दृष्टी केवळ परदेशांतून आलेली आहे असेही म्हणता येणार नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षांच्या मद्यास ‘मधु’ अशी संज्ञा देऊन, ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ ही त्याची नावे त्याच्या देशावरून पडली असल्याचे सांगितले आहे. पैकी कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर होय. मद्याचे नाव त्याच्या भूमीवरून ठेवावे, ही कल्पना या देशात दोन हजार वर्षांपूर्वी रूढ होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

प्रस्तुत लेखाचा विषय याच कल्पनेशी निगडित आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे महाराष्ट्रातील आधुनिक वाइननिर्मितीचा एक महत्त्वाचा प्रारंभ झाला. या भूमीच्या वाइनचा आस्वाद कोणत्या मापाने घ्यावा? आस्वादाची आज प्रचलित असलेली बरीचशी पद्धती कॅलिफोर्नियात सिद्ध झाली. तेथील किनारी प्रदेशाच्या वाइन समोर ठेवून बसविलेले माप आपल्या वाइनला लावले, तर निर्णय बहुधा आपल्या विरुद्ध जातो. हा निर्णय योग्य आहे की माप चुकते आहे, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. कॅलिफोर्नियाचा किनारा : धुक्याचे कार्य

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पॅसिफिक महासागरात उत्तरेकडून दक्षिणेकडे थंड प्रवाह वाहतो, आणि खोल पाणी वर येत असल्यामुळे समुद्राचा पृष्ठभाग उन्हाळ्यातही थंड राहतो. अंतर्भागातील खोरी दुपारी तापली की तेथील हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड, धुकट हवा आत ओढली जाते. सोनोमा, मॉन्टेरे, सांता बार्बरा या परगण्यांतील द्राक्षशेती या धुक्यावर उभी आहे. सांता बार्बरा परगण्यातील सांता मारिया व सांता इनेझ ही खोरी पश्चिमेकडे समुद्रास उघडी आहेत. त्यामुळे समुद्राचा गारवा त्यांत दूरवर शिरतो. पिनो न्वार आणि शार्दोने या थंड हवामानाच्या जाती तेथे उत्तम पिकतात त्या यामुळेच.

तेथील वेल मार्चच्या सुमारास फुटतो, जुलै-ऑगस्टात मण्यांत पाणी उतरते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे गोडी भरण्याच्या काळात दिवस लहान होत जातात, रात्री लांबतात आणि तोडणीच्या अखेरीस पारा उतरणीला लागतो. मण्यातील आम्ल टिकून राहते, साल व बी यांस पक्व होण्यास अवधी मिळतो, आणि शेतकऱ्यास तोडणीचा दिवस ठरविण्यास सवड असते.

या निरीक्षणांस शास्त्रीय रूप देण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत झाले. मेनार्ड अॅमरीन आणि आल्बर्ट विंक्लर यांनी १९४४ साली उष्णतेच्या बेरजेवरून राज्याचे पाच विभाग पाडले. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळातील प्रत्येक दिवसाचे सरासरी तापमान घ्यावयाचे, त्यातून १० अंश सेल्सिअस (मूळ गणनेत ५० अंश फॅरनहाइट) वजा करावयाचे आणि उरलेल्या अंशांची बेरीज करावयाची. सेल्सिअस मानाने ही बेरीज सुमारे १३९० पर्यंत आली तर पहिला विभाग, १६७० पर्यंत दुसरा, १९४० पर्यंत तिसरा, २२२० पर्यंत चौथा आणि त्यापुढे पाचवा. आस्वादाच्या परीक्षणासाठी २० गुणांची तालिका अॅमरीन यांनीच पुढे रूढ केली, आणि गंधांच्या नावांचे प्रसिद्ध चक्र अॅन नोबल यांनी १९८४ साली याच संस्थेतून मांडले. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चाखलेल्या वाइनमध्ये पांढऱ्या व तांबड्या या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या, तेव्हापासून तेथील मापांस जगात मान्यता मिळाली. विजयी वाइन नापा खोऱ्यातील दोन संस्थांच्या होत्या; परंतु त्या खोऱ्यासही सान पाब्लो उपसागरावरून येणाऱ्या सागरी हवेचा लाभ होतोच.

२. जुन्नर आणि आंबेगाव : भूमी व ऋतू

आता आपल्या परिसराकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या या दोन तालुक्यांत कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांची खोरी आहेत. जुन्नर नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, उत्तर अक्षांश १९ च्या किंचित वर वसलेले आहे. पश्चिमेस नाणेघाट, भीमाशंकर या बाजूंस पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तोच पूर्वेस आळेफाटा, बेल्हे, मंचर या पट्ट्यात झपाट्याने कमी होतो. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातील डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे पश्चिमेचे पाणी पूर्वेस पोहोचवितात, आणि द्राक्षाचा मांडव उभा राहतो तो या पाण्यावर. जमीन बेसाल्टपासून झालेली. कोठे खोल काळी, कोठे हलकी मुरमाड. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते म्हणून वाइनच्या द्राक्षास मुरमाड, निचऱ्याची जमीन अधिक मानवते.

खोऱ्यांची दिशा पाहिली तर सांता बार्बराशी साम्य दिसते : तेथे व येथे दोन्हीकडे खोरी पूर्व-पश्चिम पसरलेली आहेत. पण साम्य येथेच संपते. अरबी समुद्र उबदार आहे, आणि त्याच्या व आपल्या बागांच्या मध्ये कोकणपट्टी व सह्याद्रीची भिंत उभी आहे. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो व तो कोरडा असतो. आपल्या द्राक्षास गारवा मिळतो तो समुद्राकडून नव्हे, तर निरभ्र आकाशाकडून. रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते, थंड हवा नदीकाठच्या सखल भागांत साचते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे व दुपार यांच्या तापमानांत १५ ते १८ अंशांचे अंतर पडते. रात्रीचा हा गारवाच येथील वाइनचा मूळ आधार होय.

उष्ण कटिबंधातील वेल कधीच पूर्ण झोपत नाही. त्याला विश्रांती द्यावयाची ती कात्रीने. म्हणून महाराष्ट्रात वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमधील खरड छाटणीने नवी काडी तयार होते व तिच्या डोळ्यांत पुढील घडांची घडण होते; ऑक्टोबराच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीने (हिलाच गोडी छाटणी म्हणतात) घड बाहेर पडतात. पाऊस लांबला तर केवडा, हवा दमट व ढगाळ राहिली तर भुरी, हे दोन रोग बागायतदाराची झोप उडवितात. सर्व सुरळीत झाले तर जानेवारीच्या मध्यास मण्यांत पाणी उतरते आणि फेब्रुवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते.

३. बेरीज सारखी, क्रम उलटा

डेव्हिसचे उष्णतामान आपल्या हंगामास लावून पाहणे उद्बोधक ठरेल. पुणे येथील दीर्घकालीन मासिक सरासरी तापमाने ढोबळमानाने घेऊ : ऑक्टोबरचा उत्तरार्ध २५ अंश, नोव्हेंबर २२, डिसेंबर २०, जानेवारी २१, फेब्रुवारी २२. छाटणी १५ ऑक्टोबरास व तोडणी फेब्रुवारीअखेर धरल्यास बेरीज अनुक्रमे २५५, ३६०, ३१०, ३४१ व ३३६, म्हणजे एकूण सुमारे १६०० येते. तोडणी मार्चच्या मध्यापर्यंत लांबविली तर, त्या महिन्याची सरासरी २६ अंश धरून, तीत आणखी २४० ची भर पडून ती १८४० पर्यंत जाते. विंक्लर-विभागांत पहिली बेरीज दुसऱ्या विभागात बसते, दुसरी तिसऱ्या विभागात. नापा-सोनोमाचे पुष्कळसे नामांकित मळे याच दोन विभागांत मोडतात!

ही आकडेमोड स्थूल आहे. तिचा हेतू प्रत्येक मळ्याचे हवामान सांगणे हा नाही. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र महत्त्वाचा आहे. बेरीज जुळते, म्हणून वाइनही जुळावी अशी अपेक्षा आपण करतो आणि ती फसते. कारण बेरजेत क्रम हरवतो. कॅलिफोर्नियात वेलीचे बालपण उबेकडे चढत जाते आणि फळाची पक्वता उतरत्या उन्हात होते. आपल्याकडे वेल फुटतो तेव्हा ऊब असते, फूल व कोवळा मणी थंडीत वाढतो, आणि गोडी भरू लागते तेव्हा ऊन रोज चढत असते. तेथे सात महिन्यांत होणारे काम येथे साडेचार महिन्यांत उरकते, आणि तेही उलट्या क्रमाने.

चवीवर याचे जे परिणाम होतात ते सरळ आहेत. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात : टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल बरेचसे स्थिर राहते. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनात खर्ची घालतो, आणि उष्णता वाढेल तसा हा खर्च वाढतो. मार्च उजाडला की साखर वेगाने चढते, आम्ल वेगाने उतरते आणि रसाचा सामू वाढतो. साल व बी यांतील तुरटपणा मऊ होण्यास मात्र अवधी लागतो. तो उन्हाच्या घाईने मिळत नाही. म्हणजे साखर, आम्ल आणि तुरटपणा ही तीन घड्याळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पुष्कळदा एकत्र वाजतात, ती आपल्याकडे निरनिराळ्या वेळी वाजतात. लवकर तोडावे तर आम्ल चांगले, पण तांबड्या द्राक्षाचे बी हिरवे. थांबावे तर बी पिकते, पण रस सपक होतो आणि वाइन जड, मद्यार्काने उष्ण लागते. लिटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क होतो हे ध्यानात घेतले, म्हणजे ब्रिक्सचे दोन-तीन अंश वाढू दिल्याने काय होते हे कळेल. पहाटे तोडणी करणे, रस त्वरित थंड करणे, कमी पडलेले टार्टारिक आम्ल वरून घालणे हे उपाय त्यासाठीच योजावे लागतात. आणि आम्ल घालण्याची प्रथा कॅलिफोर्नियाच्या उष्ण भागांतही आहे.

४. नारायणगावचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर नारायणगावच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे त्यातील एक गोष्ट विशेष अर्थपूर्ण वाटते. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या शांपेन प्रदेशातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने येथे वाइनचा कारखाना उभारला. इंडाज या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेची पहिली कीर्ती झाली ती फेसाळ वाइनमुळे. परदेशांत ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. या प्रकारात दुसरे किण्वन बाटलीतच घडवून आणतात. त्यासाठी लागणारे द्राक्ष मुद्दाम लवकर, म्हणजे साखर बेताची व आम्ल भरपूर असतानाच तोडावे लागते. चढत्या उन्हाच्या आधी तोडणी उरकणे, हीच आपल्या हवामानाची मागणी; आणि तीच या प्रकाराचीही मागणी. पहिले यश फेसाळ वाइनला मिळाले यात तंत्रज्ञांचे कौशल्य होतेच, पण भूमी व प्रकार यांचा मेळही होता, असे आम्हांस वाटते.

पुढे २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर व पलूस येथे वाइनसाठी औद्योगिक उद्याने झाली, आणि या उद्योगाचे केंद्र नाशिककडे सरकले. २००८ नंतर मागणी घटली. वाइनच्या द्राक्षांचे करार करून बसलेल्या अनेक शेतकऱ्यांचा माल पडून राहिला, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी कॅबर्ने, शिराझ यांचे वेल उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची लागवड झाली. नारायणगावची संस्थाही कर्जाच्या भाराखाली २०१०च्या सुमारास कोलमडली. आज या दोन तालुक्यांतील द्राक्ष मुख्यतः ताज्या फळाच्या बाजारपेठेसाठी व निर्यातीसाठी पिकते. काळ्या बिनबियांच्या जातींनी जुन्नरला मोठी ख्याती मिळवून दिली आहे.

या घटनेचे आर्थिक परीक्षण हा स्वतंत्र विषय आहे. आस्वादाच्या दृष्टीने झालेली हानी निराळी आहे. एखाद्या भूमीच्या वाइनला चव असते असे आपण म्हणतो, तेव्हा एका बाटलीविषयी बोलत नसतो. त्याच मळ्याची, त्याच जातीची, दहा-वीस वर्षांची वाइन चाखली गेलेली असते, कोणी तरी तिची नोंद ठेवलेली असते, आणि त्यांतून चांगले वर्ष, वाईट वर्ष, खोल जमीन, मुरमाड जमीन यांचे भेद हळूहळू स्पष्ट होतात. वेल उपटला की ही मालिका तुटते. वेल पुन्हा लावता येतो. तुटलेल्या वर्षांची स्मृती मात्र मागाहून निर्माण करता येत नाही. नाशिकची द्राक्षे व नाशिक खोऱ्यातील वाइन यांस भौगोलिक निर्देशांक मिळाला, याचे महत्त्व कायदेशीर तर आहेच. शिवाय अशी स्मृती सांभाळण्याची जबाबदारीही त्यातून येते.

५. मण्यापासून प्याल्यापर्यंत

मग जुन्नर–आंबेगावच्या विद्यार्थ्याने आस्वादाचा अभ्यास कोठून सुरू करावा? आमच्या मते द्राक्षाच्या मण्यापासून. वाइन करणारा जाणकारही तोडणीचा दिवस ठरविताना प्रथम मणीच चाखतो. ही परीक्षा तीन भागांत करावी. प्रथम गर जिभेवर ठेवून गोड व आंबट यांचे प्रमाण पाहावे. मग साल वेगळी चावून तिचा तुरटपणा, तिचा रंग व सुगंध पाहावा. शेवटी बी फोडावे. हिरवे बी कडवट व कच्चे लागते, पिकलेले तपकिरी बी भाजलेल्या दाण्यासारखे लागते. येथेच खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांतील भेद कळतो. थॉम्सन सीडलेसचा मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा. जिब्रेलिक आम्ल देऊन तो आणखी वाढविलेला. त्यात तुरटपणास जागाच नाही. कॅबर्नेचा मणी लहान, जाड सालीचा व बियांचा. त्यात रसाच्या मानाने साल फार. खाण्याच्या द्राक्षाचे उत्पन्न एकरी दहा टनांवर जाऊ शकते; वाइनच्या द्राक्षास त्याच्या निम्म्यावर थांबविले तरच रसास घनता येते.

वाइन चाखताना क्रम असा ठेवावा. काचेच्या निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडीच वाइन घ्यावी; पांढरी १० अंशांच्या आसपास, तांबडी १६ ते १८ अंशांवर असावी. आपल्याकडे ‘खोलीच्या तापमानावर’ दिलेली तांबडी वाइन मार्च-एप्रिलात ३० अंशांवर जाते आणि केवळ मद्यार्काचा वास देते. तिचा दोष मग द्राक्षावर जातो. प्रथम पांढऱ्या कागदावर पेला धरून रंग व स्वच्छता पाहावी. नंतर पेला न हलविता व मग हलवून वास घ्यावा. घोट तोंडात फिरवून थोडी हवा आत ओढावी. सुगंधाचा बराचसा बोध घशाच्या मागून नाकाकडे जाणाऱ्या वाटेने होतो. त्यानंतर घोट पिकदाणीसारख्या भांड्यात टाकून द्यावा आणि मागे काय उरते, किती वेळ उरते, याची नोंद करावी. आयुर्वेदात रसाच्या मागोमाग सूक्ष्मपणे जाणवणाऱ्या चवीस ‘अनुरस’ म्हणतात. या शेवटच्या अवस्थेसाठी त्याहून नेमका शब्द शोधण्याची गरज नाही.

नावे झाकून चाखणे अत्यावश्यक आहे. ‘परदेशी’ आणि ‘देशी’ ही दोन अक्षरे बाटलीवर दिसली की जिभेआधी मन निर्णय देते. त्रिकोणी परीक्षा सोपी व कठोर आहे : तीन पेल्यांपैकी दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात निराळी, वेगळा पेला कोणता, हे ओळखावयाचे. जो परीक्षक हा भेद सातत्याने ओळखू शकत नाही, त्याने त्या दोन वाइनच्या श्रेष्ठकनिष्ठतेविषयी मत देऊ नये.

६. आस्वादाची मराठी परिभाषा

कॅलिफोर्नियात तयार झालेल्या गंधचक्रातील काळी मनुका-बेरी, ब्लॅकबेरी ही नावे आपल्या विद्यार्थ्यास पाठ करावी लागतात. त्यांचा वास त्याने घेतलेला नसतो. पाठ केलेल्या शब्दाने आस्वाद वाढत नाही, उलट दुरावतो. गंधचक्राचे खरे मर्म नावांत नव्हे, तर प्रत्येक नावामागे एक प्रत्यक्ष नमुना ठेवण्यात आहे : तो पदार्थ साध्या वाइनमध्ये भिजवून परीक्षकांस हुंगावयास द्यावयाचा आणि सर्वांचा शब्द एका वस्तूशी बांधावयाचा. हे मर्म घेतले तर नमुने आपल्याच डोंगरांत आहेत.

तुरट चवीसाठी हिरड्यासारखे प्रमाण दुसरे नाही. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागांतील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात. त्याचे पाणी सौम्य व तीव्र अशा तीन-चार पायऱ्यांनी करून ठेवले की टॅनिनची मोजपट्टीच तयार होते. आंबटासाठी अमसूल, कैरी व चिंच यांचे भेद आपली जीभ बालपणापासून जाणते. आंबट, तुरट आणि मागून गोड हा क्रम कसा असतो, हे आवळ्याने शिकावे. शेनां ब्लांच्या वाइनमध्ये पेरूचा भास होतो. सोव्हिन्यों ब्लांमध्ये भोपळी मिरची व कैरी. शिराझमध्ये काळी मिरी. कॅबर्नेत जांभूळ व करवंद यांच्या जवळपासचा गंध. हे सर्वस्वी प्रमाण मानावे असे नव्हे. प्रत्येक विभागाने आपले नमुने स्वतः तपासून ठरवावेत. मराठीत तुरट आणि कडू यांत गोंधळ होत नाही. कित्येक भाषांतील नवख्या परीक्षकांचा तेथेच गोंधळ उडतो. आपल्या भाषेने दिलेला हा फायदा दवडू नये.

झिनफांडेलचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. हे द्राक्ष कॅलिफोर्नियाचे स्वतःचे म्हणून मिरविले जात असे. २००१ साली जनुकीय तपासणीने ते क्रोएशियातील एका जुन्या जातीशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले. आता ते नाशिकच्या उतारांवरही पिकते. जात जगभर प्रवास करते. ऋतूचा क्रम मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून चव ओळखावयाची ती जातीच्या नावावरून नव्हे, तर जात आणि क्रम यांच्या मेळावरून.

७. दोन मोह आणि एक आक्षेप

या विषयात दोन मोह टाळावयास हवेत. पहिला इतिहासाचा. नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग होय. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवन दात्यांचे लेख आहेत. आणि पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरी इटलीची वाइन उतरत असल्याचा उल्लेख आहे. ही तिन्ही विधाने खरी आहेत. पण त्यांवरून जुन्नरात तेव्हा वाइनचे द्राक्ष पिकत होते, असे अनुमान निघत नाही. दुसरा मोह अनुकरणाचा : आपली वाइन नापासारखी लागली म्हणजे चांगली, असे मानण्याचा. चढत्या उन्हाच्या प्रदेशास लवकर तोडलेली, हलकी, आम्लयुक्त पांढरी, गुलाबी वा फेसाळ वाइन स्वभावतः साधते. जड तांबड्या वाइनसाठी त्यास निसर्गाशी झगडावे लागते. झगडू नये असे नाही. पण तो झगडा आहे, हे परीक्षकाने जाणले पाहिजे आणि गुण देताना त्याची गणना केली पाहिजे.

आक्षेप असा की, मद्याच्या आस्वादाची शिकवण विद्यापीठाने का द्यावी? आक्षेप क्षुल्लक नाही. १९४९चा दारूबंदी कायदा सुधारणांसह आजही राज्यात अमलात आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयावर तीव्र वाद झाला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. गावोगावच्या स्त्रियांनी दारूविरुद्ध दिलेले लढे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस वाइनचे गुणगान रुचणार नाही, आणि ते आम्हांसही अभिप्रेत नाही. येथे सांगितलेली परीक्षा घोट टाकून देण्याची आहे, पिण्याची नव्हे. तिचा पूर्वार्ध तर केवळ मणी, हिरडा व आवळा यांच्यावर होतो. शिवाय, जो पदार्थ आपल्याच शेतकऱ्याने पिकविला, ज्यात त्याचे भांडवल बुडाले, त्याचे गुणदोष जाणण्याचे साधन आपल्यापाशी नसावे, हेही इष्ट नाही. २००८ नंतर जे झाले त्याची कारणे बाजारपेठेत होती. परंतु कोणत्या जमिनीत कोणती जात कशी वाइन देते याची दीर्घ नोंद असती, तर वेल उपटावा की ठेवावा या निर्णयास काही आधार तरी मिळाला असता.

मांजरी येथे १९९७ पासून कार्य करीत असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुण्यातील आघारकर संशोधन संस्था यांनी जाती, खुंट व रोग यांवर मोलाचे काम केले आहे. चवीची नोंद हे त्यास पूरक असे कार्य आहे, आणि ते भूगोल, वनस्पतिशास्त्र, रसायन व मराठी या विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून करण्यासारखे आहे. कुकडी, मीना व घोड या तीन खोऱ्यांतील काही ठराविक बागा निवडाव्यात. दर वर्षी जानेवारी ते मार्च दर आठवड्यास पहाटेचे व दुपारचे तापमान, ब्रिक्स, सामू आणि मण्याची चव नोंदवावी. आणि जेथे वाइनचे द्राक्ष आहे तेथे त्याच बागेची वाइन पुढील वर्षी, नावे झाकून, चाखावी. पहिल्या पाच वर्षांत निष्कर्ष निघणार नाहीत. दहाव्या वर्षी जुन्नरची चव म्हणजे काय, या प्रश्नास उत्तर देण्यास प्रारंभ करता येईल. ते उत्तर कॅलिफोर्नियाच्या धुक्यातून नव्हे, तर आपल्या फेब्रुवारीच्या चढत्या उन्हातूनच मिळावयाचे आहे.